कर्करोगाचा आढळ आणि उपचारांची वाट : रायगड किनारा

एखाद्या प्रदेशात कोणता कर्करोग किती आढळतो, हे तिथल्या आजारमानाबरोबरच डॉक्टरपर्यंत कोण पोहोचले आणि कोण घरीच राहिले यावरही ठरते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर हे विशेष जाणवते. मांडव्याहून मुंबई समोर दिसते. श्रीवर्धनहून मात्र परळचे टाटा कर्करोग रुग्णालय गाठायला एसटीने निम्मा दिवस जातो. किरणोपचार म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे. मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईने तेवढे दिवस मुंबईत राहायचे कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा अनेकांना आसरा दिला आहे.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. तिच्या दरात केवळ बृहन्मुंबईचे रहिवासी धरतात. त्यामुळे रेवदंड्याच्या रुग्णाची फाइल परळला असली, तरी मुंबईच्या दरात तो नसतो. रुग्णालयाच्या यादीवरून रायगडचा दर काढणेही चुकीचे, कारण तिथे फक्त पोहोचलेल्यांची नावे असतात. घरी दगावलेल्या म्हाताऱ्याचा मृत्यू ग्रामपंचायतीत नोंदला जातो, पण डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण त्यात बहुधा नसते.

यावरचा उपाय बार्शीने दाखवला. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने तिथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम तालुक्यांत गावोगाव फिरतात. अंगावरून जाणे, स्तनातली गाठ, तोंडातली न भरणारी जखम यांची चौकशी करतात आणि संशयितांना तपासणीला आणतात. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या टप्प्यात येऊ लागले. आजार तोच होता, बायका लवकर येऊ लागल्या. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले : एचपीव्ही या विषाणूच्या एकाच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

मात्र प्रत्येक फरक तपासणीच्या माथी मारता येत नाही. बार्शीपेक्षा मुंबईत स्तनाचा कर्करोग बराच जास्त आढळतो. त्यामागे उशिरा होणारी पहिली बाळंतपणे आणि कमी मुले हीही खरी कारणे आहेत. उलट टोकाचे उदाहरण दक्षिण कोरियाचे : सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ ते २०११ या काळात पंधरापट झाले, मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले.

जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी (आता महात्मा फुले जनआरोग्य) योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत रायगड होता. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार तिच्यात बसतात. अशा योजनेनंतर रुग्णालयातले आकडे वाढले, तर रोग पसरला असे लगेच म्हणता येत नाही. पूर्वी पैशाअभावी घरी बसलेलेही त्यांत आलेले असतात. बोटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र अजून कुटुंबालाच सोसावी लागते. मिश्री लावणाऱ्या बाईच्या गालातला पांढरा चट्टा आशा सेविकेने टिपला, तरी बायोप्सीसाठी ती घराबाहेर पडेल की नाही, हे बहुतेक वेळा त्या खर्चावर ठरते.