दुसरा डोळा

९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण दिसले. महायुद्धात जर्मनीचा पराभव होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बॉम्बहल्ल्यांनी हॅम्बुर्ग शहर उद्ध्वस्त झाले होते. तरीही माणसांनी आकाशाकडे पाहिले, आणि उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या काहींच्या दृष्टीला कायमची इजा झाली. गेर्ड मायर-श्विकेराथ या तरुण नेत्रवैद्याने अशी इजा पाहिली, तेव्हा एक गोष्ट त्याच्या मनात ठसली. सूर्याने डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, एक बारीकसा डाग भाजला होता. बाकी डोळा मात्र शाबूत होता.

प्रखर प्रकाश डोळ्याला दुखवतो, ही गोष्ट तशी जुनीच. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथमने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात तिची नोंद केली होती. बारीक छिद्रातून पडणाऱ्या ग्रहणाच्या प्रतिमेवरही त्याने स्वतंत्र प्रबंध लिहिला. पण या दुखवण्यातच औषध असू शकेल, हे सुचायला आणखी नऊशे वर्षे जावी लागली.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत ‘डागणे’ हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. लोझान येथील ज्यूल गोनँ या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात फाटलेले दृष्टिपटल असेच डागून चिकटवून दाखवले होते. भाजलेल्या जागी व्रण धरतो आणि तो व्रणच डिंकाचे काम करतो. मात्र त्यासाठी तापलेले हत्यार डोळ्यात घालावे लागे. मायर-श्विकेराथच्या मनात आले, प्रकाश तर बाहुलीतून आपोआप आत जातो; मग हत्यार कशाला? त्याने रुग्णालयाच्या छपरावर आरसे लावून खरोखरच सूर्यकिरण रुग्णाच्या डोळ्यात सोडले. हॅम्बुर्गच्या ढगांवर विसंबून राहता येईना, म्हणून पुढे कार्बनचा दिवा आला. १९५०च्या दशकात झाइस कंपनीच्या साहाय्याने झेनॉन दिवा आला. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी पहिला लेझर पेटवला आणि थोड्याच वर्षांत तोही डोळ्यांच्या दवाखान्यात पोचला.

आता प्रश्न उभा राहिला मधुमेहाचा. जुन्या मधुमेहात दृष्टिपटलाला प्राणवायू कमी पडतो, म्हणून तिथे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. त्या फाटून रक्तस्राव झाला की माणूस आंधळा होऊ शकतो. त्या काळी यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी काढून टाकण्यापर्यंत डॉक्टरांची मजल गेली होती! लेझरने पडद्याचा कडेचा भाग जागोजागी भाजला, तर उरलेल्या भागाला प्राणवायू पुरेल अशी आशा होती. पण पाहणारा पडदा वाचवण्यासाठी पाहणाराच पडदा जाळायचा? हा उपाय की अपाय?

याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने १९७२ साली मोठी चाचणी सुरू केली. १५ केंद्रे आणि सतराशेहून अधिक रुग्ण. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांपैकी कोणत्या डोळ्यावर उपचार करायचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. दुसरा डोळा उपचाराविना ठेवला गेला. एकाच देहातले दोन डोळे, तोच मधुमेह, तेच वय. याहून चोख तुलना कोणती असणार?

१९७६ साली निष्कर्ष आला. दोन वर्षांत उपचार न झालेल्या डोळ्यांपैकी शेकडा १६ डोळ्यांची दृष्टी फार मोठ्या प्रमाणात गेली. उपचार झालेल्यांपैकी शेकडा ६ची. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणीचा नियमच बदलण्यात आला आणि धोका असलेल्या दुसऱ्या डोळ्यांवरही उपचाराची मुभा देण्यात आली. काही डोळ्यांसाठी मात्र तोवर उशीर झाला होता.

कविता लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी डोळ्यांना उपमा देऊन देऊन थकवले आहे. पण त्या दुसऱ्या डोळ्याला द्यायला माझ्याजवळ उपमा नाही. कोणी म्हणेल, माणसांवर प्रयोग केला. मला तसे वाटत नाही. उपाय चांगला की वाईट, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. भाजलेला डोळाच आधी गेला असता, असेही घडू शकले असते. खात्री नसताना सर्वांचे दोन्ही डोळे भाजत सुटणे हे अधिक निर्दय ठरले असते. तरी एवढे खरे, की आपल्याला मिळालेल्या खात्रीची किंमत कोणाच्या तरी अंधाराने चुकती झाली आहे.

लेझरही फुकट काही देत नाही. कडेची आणि रात्रीची नजर त्याने थोडी उणावते. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनेही आली आहेत, म्हातारपणी झिजणाऱ्या पडद्याच्या एका प्रकारावरही ती चालतात. तीही अशाच चाचण्यांतून पारखली गेली.

मधुमेहातला हा विकार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. अक्षरेही स्पष्ट दिसत राहतात. म्हणून ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. त्या सतराशे अनोळखी माणसांचे ऋण फेडण्याचा मला तरी एवढाच मार्ग दिसतो.