हापूस आंब्याचें नांव व त्याचे जनक

हापूस हा शब्द ‘आफोंसु’ या पोर्तुगीज नांवाचा अपभ्रंश होय, हें सर्वमान्य आहे. परंतु हा आफोंसु कोण? १५१० सालीं गोवें जिंकणारा आफोंसु द आल्बुकर्क हाच तो, असा समज आपल्याकडे दृढ आहे. तो तपासून पाहणें अवश्य आहे. कारण एका फळाच्या सुधारणेचें श्रेय कोणास द्यावयाचें, हा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

प्रथम संस्कृत आधार पाहूं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्यायांत फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष इत्यादिकांच्या फांद्या शेणाचा लेप देऊन लावाव्या, किंवा दुसऱ्या झाडाच्या छाटलेल्या मुळावर अथवा खोडावर बसवाव्या, असें सांगितलें आहे. म्हणजे कलमाची कल्पना सहाव्या शतकांत आपणांस अवगत होती. मात्र त्या यादींत आम्रवृक्ष नाहीं.

आंब्याला तर कलमाची गरज विशेष. हापुसाची कोय पेरली असतां हापूसच निपजेल असा भरंवसा नाहीं. कोयीपासून झालेलें प्रत्येक झाड निराळें. अशा झाडांस कोंकणांत रायवळ म्हणतात. दैवयोगानें त्यांतील एखादें उत्तम निघालें, तरी कोणी तें ओळखून त्याचें भेटकलम न बांधल्यास झाडाबरोबर तें फळही नष्ट होतें. तेव्हां आंब्याच्या एखाद्या जातीचें नांव पिढ्यानुपिढ्या टिकलें, तर त्यामागें निवडणारा डोळा व कलम बांधणारा हात होता, असें अनुमान निघतें.

आतां मनुचीची साक्ष घेऊं. गोव्याच्या विजरईच्या वतीनें संभाजी महाराजांकडे वकिलीस गेलेला तोच हा मनुची. त्याच्या ‘स्तोरिया दो मोगोर’ या ग्रंथांत गोव्याच्या उत्तम आंब्यांची यादी आहे. तींत ‘निकुलाव आफोंसु’ याचा आंबा असें पूर्ण नांव स्पष्ट दिलें आहे. शेजारींच जोआनी परेरा याचा, काउंटाचा व ‘मैनातु’चा आंबा येतो. मैनातु म्हणजे परीट. ज्या यादींत सरदार व परीट एका पंक्तीस बसतात, तींतील नांवें बागवाल्यांचीं वा झाडांच्या धन्यांचीं असावीं, हेंच सयुक्तिक दिसतें. आल्बुकर्क १५१५ सालीं वारला. या यादींतला आफोंसु तो नव्हे. हापुसाचें नांव निकुलावावरून आलें, असें मानणें मला अधिक साधार वाटतें.

तथापि निकुलावाच्या बागेंत प्रत्यक्ष सुरी चालविणारा माळी अनामिकच राहिला. उलट अलीकडील उदाहरण पाहा. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानें नीलम व हापूस यांचा बुद्धिपुरस्सर संकर करून साक्याच्या दोषापासून मुक्त असा ‘रत्ना’ आंबा १९८१ सालीं प्रसृत केला. त्याचे मातापितर, स्थळ व साल हीं सर्व लेखनिविष्ट आहेत. जुन्या सुधारकांच्या वांट्यास हें भाग्य आलें नाहीं. जेत्याचें नांव जिभेवर सहज बसलें, आणि कलम बांधणाऱ्याचें लोपलें.

संग्राहकांस म्हणून एक विनंती आहे. जुन्या घराण्यांच्या रुमालांत सनदा व राजपत्रें शोधतांना बागायतीचे जमाखर्च, कलमांच्या याद्या व माळ्यांच्या मुशाहिऱ्याचे कागद क्षुल्लक म्हणून टाकून देऊं नयेत. कोण्या माळ्याचें नांव सांपडलेंच, तर तें अशाच एखाद्या कागदावर सांपडेल.