विद्यार्थ्यांचे कागदी कारखाने

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर जो एकदां तरी गेला असेल, त्याच्या ध्यानांत एक गोष्ट राहिली असेल. चरकांतून निघालेला रस काहिलींत जातो, आणि त्याच उसाचीं चिपाडें वाळवून चुलवाणांत घालतात. ज्या उसाचा गूळ व्हावयाचा, त्याच उसाच्या जाळावर तो शिजावयाचा. अन्न आणि इंधन हीं दोन्ही एकाच मोळीतून निघतात. चिपाडें पुरलीं तर हिशेब जमला. जळण विकत घ्यावें लागलें, तर गूळ गोड होऊनहि धंदा कडू होतो.

हाच हिशेब आधीं कागदावर करून पाहावयाचा, कारखाना उभारण्यापूर्वीं त्याचा माल, त्याची उष्णता, त्याचें पाणी आणि त्याचा पैसा मोजावयाचा, ही विद्या तरुणांना कशी शिकवावी, हा प्रश्न गेल्या दोन शतकांतला आहे. रसायन-इंजिनियरिंगचे विद्यार्थी शेवटच्या वर्षीं अन्नप्रक्रियेचे आणि जैव इंधनाचे जे आराखडे करतात, त्यांच्या मागचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे. हे कारखाने बहुधा कागदावरच राहतात. त्यांच्या धुराड्यांतून धूर निघत नाहीं. तरीहि त्यांचा इतिहास वाटतो तितका कोरडा नाहीं.

प्रारंभ पॅरिसपासून करावा लागतो. १८२९ सालीं तेथें ‘एकोल सांत्राल’ नांवाची एक शाळा निघाली. त्यापूर्वीं फ्रान्समधील नांवाजलेल्या शाळा मुख्यतः सरकारी नोकरीसाठीं, म्हणजे तोफखाना, रस्ते आणि पूल यांच्यासाठीं माणसें तयार करीत. या नव्या शाळेचा रोख खाजगी उद्योगधंद्यांकडे होता. नुसतें पाठांतर येथें पुरेसें नसे. विद्यार्थ्यानें एखाद्या उद्योगाचा आराखडा करावा आणि परीक्षकांसमोर त्याचें समर्थन करावें, असा परिपाठ तेथें पडला. ज्याच्या नांवाचा मनोरा आज पॅरिसची खूण होऊन राहिला आहे, तो गुस्ताव्ह आयफेल १८५५ सालीं याच शाळेंतून बाहेर पडला. आणि गंमत अशी कीं, त्याचा विषय रसायन हा होता.

याच शाळेंत १८३० च्या सुमारास नॉर्बर्ट रिल्यू नांवाचा एक तरुण वाफेच्या यंत्राविषयीं शिकवीत असे. तो १८०६ सालीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स येथें जन्मला. बाप गोरा, आई आफ्रिकी वंशाची स्वतंत्र स्त्री. गुलामगिरी चालू असलेल्या त्या लुइझियाना प्रांतांत अशा मुलाला उच्च शिक्षणाचीं दारें बंद होतीं. म्हणून तो फ्रान्सला गेला. आपल्या मुलखांत साखर कशी होते हें त्याला ठाऊक होतें. ओळीनें मांडलेल्या उघड्या काहिली, खालीं लांकडांचा जाळ, आणि उकळता रस एका काहिलींतून दुसरींत ओतणारे गुलाम, असें तें दृश्य असे. माणसें भाजत, साखर करपून काळी पडे, आणि वाफेबरोबर निम्मेशिम्मे जंगल हवेंत उडून जाई म्हणाना.

रिल्यूची युक्ति ऐकावयास सोपी आहे. दुसरें भांडें बंद ठेवून त्यांतील हवेचा दाब कमी केला, तर त्यांतला रस कमी उष्णतेवरच उकळूं लागतो. मग पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्याचें जळण होऊं शकते, आणि दुसऱ्याची वाफ तिसऱ्याचें. एका भांड्यांत एक किलो वाफेनें सुमारें एक किलो पाणी आटतें. तीन भांडीं अशीं जोडलीं, तर तेवढ्याच वाफेंत तिप्पटीच्या जवळपास पाणी आटतें. १८४३ आणि १८४६ सालीं त्यानें या योजनेचीं पेटंटें घेतलीं. साखर पांढरी झाली आणि जळण वांचलें. ज्या समाजाला त्यानें हें दिलें, त्या समाजांत वर्णामुळें त्याला बरोबरीचें स्थान मात्र मिळालें नाहीं. अखेरीस तो फ्रान्सलाच परत गेला आणि १८९४ सालीं पॅरिस येथें वारला. आज दुधाची भुकटी असो, फळांचा आटीव रस असो, त्याच्या मागें रिल्यूच्या भांड्यांची ती माळ उभी असते. अन्न आणि इंधन यांचा हिशेब एकाच पानावर मांडल्यानें काय साधतें, याचा याहून चांगला धडा विद्यार्थ्याला क्वचितच सांपडेल.

पुढील पाऊल इंग्लंडांत पडलें. १८८७ सालीं मँचेस्टर येथें जॉर्ज डेव्हिस या गृहस्थानें बारा व्याख्यानें दिलीं. साबण, साखर, मद्य, रंग असे धंदे वेगळाले दिसले, तरी त्यांतल्या क्रिया ठराविकच आहेत, हा त्याच्या विवेचनाचा गाभा. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत लुइस नॉर्टन यानें रसायन-इंजिनियरिंगचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. १९१५ सालीं आर्थर लिटल यानें या ठराविक क्रियांना एक नांव देऊन टाकलें: ‘युनिट ऑपरेशन्स’, म्हणजे मूलक्रिया. आटविणें, गाळणें, वाळविणें, कुटणें, ऊर्ध्वपातन करणें. स्वयंपाकघरांतील गृहिणीला हीं नांवें नवीं वाटणार नाहींत. फरक एवढाच कीं, ती मुठीच्या मापानें करते तें येथें टनाच्या मापानें करावयाचें असतें, आणि चूक झाली तर एक आमटी फुकट न जातां सबंध गांवाचा पैसा फुकट जातो.

१९२२ सालीं लंडनला केमिकल इंजिनियरांची संस्था स्थापन झाली. तिनें सभासदत्वासाठीं जी परीक्षा ठेविली, तींत एक मोठी नामी सोय होती. एक प्रश्न उमेदवारानें घरीं न्यावयाचा, पुस्तकें हवीं तितकीं उघडावयाचीं, आणि कांहीं आठवडे खपून एका कारखान्याचा आराखडा लिहून आणावयाचा. त्याला ‘होम पेपर’ म्हणत. पुस्तकें उघडीं असतांना परीक्षा कसली, असें पुष्कळांना वाटेल. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत नाहींच, तेथें पुस्तक झांकून काय उपयोग? अमेरिकेंतील केमिकल इंजिनियरांच्या संस्थेनेंहि १९३२ पासून विद्यार्थ्यांसाठीं अशीच एक आराखड्याची स्पर्धा सुरू केली.

आपल्या देशांत ही विद्या स्वदेशीच्या चळवळीच्या हातांत हात घालून आली. बंगालमधील राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळींतून उभी राहिलेली जी संस्था पुढें जादवपूर विद्यापीठ झाली, तिनें १९२१ सालीं रसायन-इंजिनियरिंग शिकविण्यास प्रारंभ केला. मुंबई विद्यापीठानें १ ऑक्टोबर १९३३ रोजीं रासायनिक तंत्रविद्येचा आपला विभाग उघडला. १९३६ सालीं कानपूरला साखरेच्या तंत्रविद्येची संस्था निघाली. १९४२ सालीं नागपुरास कामठीचे दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रांतील देणगींतून लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था उभी राहिली. आणि १९४३ सालीं मुंबईचा विभाग माटुंग्याच्या स्वतःच्या जागेंत गेला.

हें १९४३ साल विसरतां येत नाहीं. त्या वर्षीं बंगालमध्यें दुष्काळानें लाखों माणसें मेलीं. महायुद्धामुळें पेट्रोल इतकें दुर्मिळ झालें होतें कीं, मोटारींच्या पाठीमागें लोणारी कोळशाच्या भट्ट्या बांधून त्यांच्या वायूवर गाड्या चालवीत. अन्न नाहीं आणि इंधनहि नाहीं, अशा काळांत जी पिढी तंत्रविद्या शिकत होती, तिला हे दोन विषय वेगळे आहेत असें कोण सांगणार? माटुंग्याच्या या संस्थेंत रसायन-इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांच्या आराखड्याला ‘होम पेपर’ हेंच नांव रूढ झालें.

आतां हा विद्यार्थी करतो तरी काय, तें पाहूं. समजा, त्याला टोमॅटोचा आटीव गर करण्याचा कारखाना दिला. भाव कोसळला कीं शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओततो हें आपण वाचतों. तेव्हां विषय शहाण्यासारखाच आहे. शंभर किलो रसांत घन भाग सुमारें पांच किलो. तो अठ्ठावीस टक्के व्हावयाचा, तर हातीं अठरा किलोंच्या आसपास गर येणार आणि ब्यायशी किलो पाणी उडवावें लागणार. म्हणजे हा कारखाना नांवाला टोमॅटोचा, पण खरें पाहतां पाणी उकळण्याचा! जळण कोठून आणावयाचें? भांडीं किती जोडावयाचीं? चौथें भांडें जोडलें तर जळण वांचेल, पण त्या भांड्याची किंमत किती वर्षांत वसूल होईल? टोमॅटोचा हंगाम थोड्या महिन्यांचा. उरलेल्या महिन्यांत हीं यंत्रें आणि हीं माणसें काय करतील? सालीं आणि बिया कोठें टाकावयाच्या? यांतील एकाहि प्रश्नाला एकच एक बरोबर उत्तर नाहीं. तरी विद्यार्थ्याला एक आकडा लिहावा लागतो आणि त्याच्याखालीं आपलें नांव घालावें लागतें.

यांतील शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: उरलेलें कोठें जातें? माटुंग्यालाच या प्रश्नाचें एक जुनें उत्तर सांपडतें. तेथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकींतून निघणारा वायु गोळा करून उपयोगांत आणिला होता. पुढें दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेंत एस. व्ही. देसाई यांनीं १९३९ च्या सुमारास शेणापासून जळाऊ वायु काढण्याचे प्रयोग केले. जशभाई पटेल यांनीं पन्नाशीच्या दशकांत त्याला गोबरगॅसचें रूप दिलें. आणि १९६२ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोगानें तें आराखड्यासह उचललें. टाकाऊ म्हणून ज्या पदार्थाला आपण नाक मुरडतों, तो ताळेबंदांत जमेच्या बाजूला कसा बसवावा, हें या माणसांनीं दाखविलें.

साखर कारखान्यांत हाच प्रश्न अधिक बिकट होतो. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढें महाराष्ट्रांत अशा कारखान्यांची रांग लागली. साखर काढून उरलेल्या मळीपासून मद्यार्क होतो. रसायनशास्त्राचा हिशेब असा कीं, शंभर किलो ग्लुकोजपासून फार झालें तर एक्कावन्न किलो मद्यार्क मिळतो. उरलेले एकुणपन्नास किलो कर्बवायूच्या रूपानें जातात. शिवाय मळीपासून काढलेल्या प्रत्येक लिटर मद्यार्कामागें दहा-बारा लिटर, कधीं त्याहूनहि अधिक, काळें आंबट सांडपाणी निघतें. तें नदींत सोडलें तर मासे मरतात आणि विहिरी नासतात. तेंच बंद टाकींत कुजविलें, तर त्यांतून जळाऊ वायु निघून बॉयलरला लागतो. आराखड्यांत सांडपाण्याची ओळ कोरी ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षक गुण कमी देतील. कारखानदारानें ती कोरी ठेविली, तर तिची किंमत नदीकांठची गांवें देतात.

मद्यार्क पेट्रोलमध्यें मिसळावा ही कल्पनाहि जुनी. त्यासाठीं आपल्याकडे १९४८ सालींच कायदा झाला होता. २००३ मध्यें पांच टक्के मिश्रणाची योजना सुरू झाली, आणि २०२५ मध्यें देशानें वीस टक्क्यांचा टप्पा गांठला. पण मधेंच, डिसेंबर २०२३ मध्यें, साखर कमी पडेल या भीतीनें उसाच्या रसापासून थेट मद्यार्क करण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले. तांदूळ आणि मका यांपासूनहि आतां मद्यार्क होतो. मोटारीच्या टांकींत काय जावें आणि ताटांत काय वाढावें, हा वाद म्हणून पंडितांपुरता राहिलेला नाहीं.

यांतून वाट काढण्याचा एक प्रयत्न पुन्हां माटुंग्यालाच झाला. २००८ सालीं तेथें जैव इंधनाच्या संशोधनाचें केंद्र निघालें. आणि तेथील पद्धतीनें दाण्यापासून नव्हे, तर पिकांच्या काडापासून मद्यार्क करणारा, रोज दहा टन काड पचविणारा एक प्रायोगिक कारखाना २०१६ सालीं उत्तराखंडांतील काशीपूर येथें उभा राहिला. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचीच ही सुधारलेली शिकवण म्हणावी: दाणा माणसाला, काड जाळाला.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांचे बहुतेक आराखडे कपाटांत धूळ खात पडतात. पुष्कळ मागल्या वर्षाच्या वहीवरून उतरविलेले असतात. मग यांचा देशाला उपयोग काय? आक्षेप खोटा नाहीं. नक्कल करणारा विद्यार्थी आपलेंच नुकसान करून घेतो. परंतु कागदी कारखान्यांतून माल निघावयाचा नसतो, माणूस निघावयाचा असतो. कागदावर बॉयलर लहान पडला तर रबरानें खोडतां येतो. लोखंडांत तो लहान पडला तर खोडतां येत नाहीं. ज्या तरुणानें एकदां तरी प्रत्येक किलोचा जमाखर्च स्वतःच्या हातानें लिहिला आहे, तो पुढें मोठ्या खुर्चीवर बसल्यावर ‘उरलेलें कोठें जातें?’ हा प्रश्न सहसा टाळूं शकत नाहीं.

आणि हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा नाहीं. आपल्या घरांतून कोणी मुलगा अगर मुलगी अशी जाडजूड वही घेऊन रात्रीचा दिवस करीत असेल, तर गुणांची चौकशी करण्यापूर्वीं तिला एवढेंच विचारा: तुझ्या कारखान्यांत जळण कोठून येतें, आणि सांडपाणी कोणाच्या दारांत जातें? तिनें आकडे काढून उत्तर दिलें, तर ती वही फुकट गेली नाहीं असें समजा.