बेपत्ताची बायको

प्रवेशाच्या दिवसांत आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षकांपुढे अर्जांचा ढीग पडतो. नालासोपाऱ्याच्या चाळींतून आलेली एखादी आई 'वालिद' या रकान्यापाशी थबकते. वालिद हयात आहेत की नाहीत, हेच तिला ठाऊक नसते. बाप एकटाच मुलाला घेऊन आला, तर रांगेतल्या बाया हळहळतात, "बेचारा! कोणी याचा दुसरा निकाह लावून द्या." आई एकटी आली, की त्याच बाया विचारतात, "तुझे घरवाले कुठे आहेत?" एकटेपण एकच, पण हिशेब दोन. हे दोन हिशेब आले कुठून?

आमच्या शाळेजवळचे सोपारा हे एके काळी मोठे बंदर होते. दहाव्या शतकातल्या अल्‌-मसूदीने 'सुबारा' म्हणून त्याची नोंद केली आहे. या किनाऱ्यावर अरब व्यापारी आले, राहिले, इथल्या बायकांशी त्यांनी निकाह केले. पुढे कोकणी मुसलमानांच्या कित्येक पिढ्या खलाशी म्हणून समुद्रावर गेल्या. 1970 नंतर आखाताची वाट खुली झाली. जाणारा पुरुषच असे. परमुलखात तो एकटा, पण मोकळा. दुसरा निकाह करायला त्याला शरियतची आडकाठी नव्हती. मागे राहिलेली बाई नावाची सुहागन, प्रत्यक्षात एकटी. आणि तो परतलाच नाही तर?

अशा बेपत्ता माणसाला फिक्हमध्ये 'मफकूद' म्हणतात. हनफी फिक्हच्या जुन्या मतानुसार त्याच्या बायकोने त्याच्या वयाची माणसे संपेपर्यंत थांबायचे. म्हणजे जवळपास जन्मभर. खुला घ्यावा, तर त्याला नवऱ्याची संमती लागते, आणि नवराच सापडत नाही! हजरत उमर यांच्या निर्णयाचा आधार घेऊन मालिकी फिक्हने मात्र चार वर्षांची मुदत ठेवली होती. इमाम दोन, दीन एकच. पण हिंदुस्थानातल्या बहुसंख्य मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याला पहिले मत आले.

त्याचा परिणाम काय झाला? पंजाबात काही स्त्रिया केवळ सुटका व्हावी म्हणून इस्लाम सोडल्याचे जाहीर करू लागल्या. तेव्हा उलेमा जागे झाले. 1930 च्या दशकात मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मत स्वीकारण्याची वाट दाखवली, आणि 17 मार्च 1939 रोजी मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल किंवा त्याने दोन वर्षे पोटगी दिली नसेल, तर पत्नीला कोर्टातून निकाह मोडून घेता येतो. बेपत्ता असल्याच्या कारणावरचा हुकूम सहा महिन्यांनी अमलात येतो. तेवढ्यात तो परतला आणि नांदवायला तयार झाला, तर रद्द होतो. या कायद्याला उलेमांचाच आधार होता, हे आज विसरले गेले आहे.

पण कायदा कागदावर आणि बाई चुलीपाशी. 18 एप्रिल 1966 रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर सातच स्त्रिया होत्या. त्यांची मागणी तोंडी तलाक बंद करण्याची होती. 2017 साली सुप्रीम कोर्टाने तीन तलाक रद्द ठरवला आणि 2019 साली तो गुन्हा झाला. मात्र जो तलाकही देत नाही आणि परतही येत नाही, त्याच्या बायकोला 1939 चाच कायदा उपयोगी पडतो.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. 2011 च्या जनगणनेत देशात विधवा चार कोटींहून अधिक होत्या आणि विधुर सव्वा कोटीच्या आसपास. बायका जास्त जगतात, नवरे वयाने मोठे असतात, हे खरे. पण पुरुषाचा संसार पुन्हा उभा करायला सगळे धावतात, हेही तितकेच खरे.

शब्दच पाहा. उर्दूत बाई 'बेवा' होते, 'मुतल्लका' होते, आणि ते बिरुद तिला जन्मभर चिकटते. पुरुष 'रंडवा' झालाच, तर पुढच्या निकाहपर्यंत. पण कुराणातल्या सूरह नूरमध्ये 'अयामा' हा शब्द आला आहे. जोडीदार नसलेला पुरुष असो वा स्त्री, अरबीत दोघांना तो सारखाच लागतो. अल्लाहच्या कलामात जो भेद नाही, तो आपल्या मोहल्ल्यात का असावा?

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव सक्तीचे केले. ही मुले शाळेत येतील तेव्हा आईचे नाव बापाच्या आधी लिहिले जाईल. चांगले झाले. पण यंदा एका आईने आम्हाला सांगितले, की ती नऊ वर्षे वाट पाहत आहे. चार वर्षे पुरेशी होती, हे तिला ना जमातीने सांगितले, ना माहेरच्यांनी. आम्ही शिकलेल्यांनी तरी कुठे सांगितले?