बटणांचा ब्लॅकबेरी : मालकांची मते आणि मराठीचा अनुभव

(आमच्या प्रतिनिधीकडून)

बोटाच्या स्पर्शाने चालणारा काचेचा पडदा आणि त्याच्याच खाली दाबता येणारी खरीखुरी बटणे, अशी जोड फार थोड्या स्मार्टफोनांत झाली. त्यांपैकी भारतात रीतसर विकला गेलेला आणि मालकांनी भरभरून स्तुतीही केली नि तितकीच कुरकुरही केली, असा फोन म्हणजे ब्लॅकबेरीच्या नावाने निघालेला ‘कीवन’. फेब्रुवारी २०१७ मध्ये बार्सिलोना येथे त्याचे सादरीकरण झाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो भारतात ३९ हजार ९९० रुपयांना विक्रीस आला. पुढल्या वर्षी जुलैमध्ये त्याचा धाकटा भाऊ ‘की-टू’ ४२ हजार ९९० रुपयांना आला. प्रस्तुत लेखकाने सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वार्तांकन करताना कीवन सुमारे दोन वर्षे वापरला. त्यामुळे पुढील मतांत त्याचेही एक मत मिसळले आहे, हे आरंभीच सांगणे बरे.

या फोनवर ब्लॅकबेरीचे नाव असले, तरी तो बनवणारे हात दुसरे होते. मूळ कॅनडाच्या या कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये स्वतः फोन तयार करणे थांबवले. त्यानंतर नाव वापरण्याचा परवाना जगाच्या बहुतेक भागासाठी चीनच्या टीसीएल कंपनीकडे, तर भारतासाठी ऑप्टिमस इन्फ्राकॉम या भारतीय कंपनीकडे गेला. भारतात मिळालेला कीवन काळ्या रंगाचा, दोन सिमकार्डांचा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणक्षमतेचा होता. परदेशात प्रथम विकल्या गेलेल्या रुपेरी आवृत्तीत हे आकडे ३ आणि ३२ होते. परदेशी मालकांच्या मंदगतीविषयीच्या तक्रारी वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

मालकांना काय आवडले?

पहिली पसंती अर्थातच कळफलकाला. एकंदर ३५ कळा. त्यांपैकी २६ अक्षरांच्या. बोटाखाली प्रत्येक कळेची कड लागते, दाबल्याचे बोटाला कळते आणि नजर पडद्यावर ठेवून मजकूर लिहिता येतो. सातारा ते सांगली हा प्रवास ज्यांनी एसटीच्या मागल्या बाकावर बसून केला आहे, त्यांना या गुणाचे मोल निराळे सांगावयास नको. कराडच्या पुढे पेठनाक्यावरून गाडी सांगलीकडे वळली, की एके काळी त्या रस्त्यावर काचेवरचे नेमके अक्षर बोटाला सापडणे ही नशिबाची गोष्ट होती. कळांवर मात्र खड्ड्यागणिक एखादे अक्षर चुकले, तरी वाक्य पुरे होत असे.

दुसरा गुण पावसाळ्यातला. स्पर्शपडदा बोटातील सूक्ष्म विद्युतभार ओळखून चालतो. बोट किंवा काच ओली झाली, की त्याचा गोंधळ उडतो. भलतीच अक्षरे उमटतात किंवा मुळीच उमटत नाहीत. दाबाने चालणाऱ्या कळेला त्याचे सोयरसुतक नसते. महाबळेश्वर, पाचगणी, पाटण या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हा काही थोडाथोडका काळ नव्हे. अर्थात येथे एक इशारा आवश्यक आहे. कीवन जलरोधक नव्हता. ओले बोट चालते याचा अर्थ ओला फोन चालतो असा घेणाऱ्यांना तो महाग पडण्याचाच संभव.

कळफलकाचा पृष्ठभागही स्पर्श ओळखणारा होता. कळा न दाबता त्यांवरून बोट फिरवले, की पडद्यावरचे पान वरखाली सरके. लिहिताना पडद्यावर सुचवलेल्या तीन शब्दांपैकी हवा त्याच्या खालच्या कळेवरून बोट वर झटकले, की तो शब्द वाक्यात जाऊन बसे. स्पेसच्या कळेतच बोटाच्या ठशाची ओळख बसवली होती. प्रत्येक अक्षरकळ थोडा वेळ दाबली किंवा जास्त वेळ दाबली, की निरनिराळी कामे व्हावीत अशी तजवीज होती. म्हणजे २६ कळांवर ५२ सोयी. एकाने ‘म’च्या जागी नकाशा बसवावा, दुसऱ्याने घरचा दूरध्वनी. ही सवय एकदा अंगवळणी पडली, की साधा फोन हाती घेतल्यावर बोट उगाच पडद्याखाली चाचपडत राहते.

बॅटरीविषयी तर मतभेद जवळपास नव्हतेच. ३,५०५ मिलिअँपिअर अवरची बॅटरी, साडेचार इंचांचा लहान पडदा आणि कमी वीज खाणारा स्नॅपड्रॅगन ६२५ हा प्रोसेसर, यामुळे सकाळी भरलेला फोन दुसऱ्या दिवशीही साथ देई. भारनियमनाची आठवण असलेल्या गावांत ही बाब दुय्यम नव्हती.

तक्रारी कोणत्या?

सर्वांत गाजलेली तक्रार पडद्याची. सुरुवातीच्या काही फोनांत पडदा चौकटीला पुरेसा चिकटवलेला नव्हता. अमेरिकेतील एका प्रसिद्ध यूट्यूब चाचणीत फोन वाकवताच तो सुटून आला आणि त्यानंतर चिकटद्रव्य वाढवण्यात येईल, असे उत्पादकांना जाहीर करावे लागले. दुसरी तक्रार मागे जाण्याच्या व मुख्य पानाच्या स्पर्शकळांची. त्या पडदा आणि कळफलक यांच्या मधोमध असल्याने वरच्या ओळीत लिहिता लिहिता अंगठा तेथे लागे आणि अर्धा संदेश सोडून फोन भलतीकडेच जाई. चित्रफिती पाहणाऱ्यांना पडदा तोकडा वाटे. त्याची ठेवण तीनास दोन या प्रमाणाची, त्यामुळे चित्रपटाच्या वरखाली काळे पट्टे. १८० ग्रॅम वजन काहींना खटके. की-टूमध्ये ते १६८ ग्रॅमवर आले, कळांची उंची सुमारे २० टक्क्यांनी वाढली आणि रॅम ६ जीबी झाली. पण अँड्रॉइडची ८.१ ही आवृत्ती मात्र कीवन आणि की-टू या दोघांचाही शेवटचा मुक्काम ठरली. चाळीस हजार रुपये मोजलेल्या गिऱ्हाइकाला ते मानवले नाही आणि मानवू नयेच.

कळांवर मराठी कोठे?

येथवरची मते दिल्लीतल्या मालकाची असोत वा लंडनमधल्या, सारखीच. मराठीत लिहिणाऱ्याचा प्रश्न यापुढे सुरू होतो, आणि या फोनचे खरे मूल्यमापन आमच्या मते तेथेच होते.

कळांवर मराठी लिहिण्याची सवय या भागाला नवी नाही. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि या यंत्रांचा कंपनीचा अखेरचा कारखाना सातारा जिल्ह्यातच, खंडाळा तालुक्यातील शिरवळ येथे होता. २००९ मध्ये तेथले टाइपरायटरचे उत्पादन थांबून जागा शीतकपाटांना मिळाली. २०११ मध्ये ही वार्ता ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशा थाटात परदेशी वृत्तपत्रांनी छापली. ती अतिशयोक्ती होती, कारण अन्यत्र यंत्रे बनतच होती. मराठी टाइपरायटरवर अर्धे अक्षर आणि काना यांच्या निराळ्या कळा असत, दोन्ही मिळून पूर्ण अक्षर होई. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द या परीक्षांसाठी टंकलेखन संस्थांत घाम गाळलेली एक पिढी अजून कचेऱ्यांत आहे. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती कळांचा स्मार्टफोन दिला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : “यावर मराठी कुठंय?”

उत्तर असे, की कळांवर नाही. प्लॅस्टिकवर छापलेली अक्षरे रोमन. इंग्रजी टपाल, कंपनीचा पत्रव्यवहार, बँकेचा अर्ज, येथवर कळफलक राजा. घरच्यांना मराठीत चार ओळी लिहावयाच्या म्हटल्या, की मालकासमोर तीन वाटा उरत.

पहिली, रोमन लिपीत मराठी लिहिणे. ती सर्वांत सोपी आणि सर्वांत ढिसाळ. या लिखाणात ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद बहुधा राहत नाही. ‘मला’ आणि ‘मळा’ एकाच वेषात येतात. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ‘मळ्यात ये’ आणि ‘मला ये’ यांतला गोंधळ संदर्भाने सुटतो खरा, पण दर वाक्यास संदर्भ शोधत बसणे ही भाषा वाचण्याची रीत नव्हे.

दुसरी वाट प्रमाण देवनागरी कळफलकाची, म्हणजे ‘इनस्क्रिप्ट’ची. तो भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या प्रमाणकाचा भाग आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी त्याची शास्त्रशुद्ध मांडणी. तो फोनच्या २६ अक्षरकळांवर बसतो का, हे कागद घेऊन ताडून पाहिले, तेव्हा मौज उलगडली. इनस्क्रिप्टला २६ कळा पुरतच नाहीत. संगणकावर अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस, तिरकी रेघ यांच्या ज्या कळा असतात, त्यांवर ‘च’, ‘ट’, ‘ड’ आणि ‘य’ वसलेले आहेत; ‘छ’, ‘ठ’, ‘ढ’ही त्यांच्याच सोबतीला, आणि ‘ष’ स्वल्पविरामाच्या कळेवर. फोनवर या कळा स्वतंत्र नाहीतच. म्हणजे केवळ अक्षरकळांवर सातारा लिहिता येते, सांगली येते, मिरज, वाई, जत, तासगाव, शिराळा, पलूस हीही येतात. परंतु कराड येत नाही. विटा, खटाव, पाटण, फलटण, आटपाडी, कडेगाव, कोयना यांपैकी एकही येत नाही. आणि ‘च’ नाही म्हटल्यावर षष्ठीचा प्रत्ययच गेला. ‘सांगलीची हळद’ लिहिताना हळद शाबूत, पण ती कोणाची ते सांगता येत नाही. ‘कराड’ हे बातमीचे ठिकाण ज्याला आठवड्यातून चारदा लिहावे लागते, त्या वार्ताहराला ही मांडणी कितीशी उपयोगी, हे वाचकांनीच ठरवावे.

तिसरी वाट म्हणजे कळा बाजूला ठेवून पडद्यावरचा कळफलक उघडणे. प्रस्तुत लेखकाने शेवटी हीच पत्करली. गूगलचा मराठी कळफलक पडद्यावर उघडला, की साडेचार इंचांतली बरीच जागा तो घेई, त्याखाली खऱ्या कळा निमूट बसून राहत, आणि मधल्या उरलेल्या पट्टीत आपण काय लिहिले ते वाचावे लागे. एका फोनमध्ये दोन कळफलक आणि मजकुराला जागा नाही, असा तो प्रकार. इतर कोणत्याही मोठ्या पडद्याच्या, निम्म्या किमतीच्या फोनवर हेच काम अधिक सुखाने होते.

२००७ च्या जानेवारीत आयफोन सादर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी कळांच्या फोनांविरुद्ध मांडलेला मुख्य मुद्दा हाच होता, की प्लॅस्टिकच्या कळा एकदा बसवल्या की बदलत नाहीत. काम बदलले तरी त्या तशाच. त्यांच्या मनात संगणकप्रणाल्या होत्या, देवनागरी नव्हे. पण तो मुद्दा मराठीला जितका लागू पडला, तितका इंग्रजीला कधीच पडला नाही. काच क्षणात देवनागरी होते, क्षणात कानडी होते. जत तालुक्यातील सीमेलगतच्या गावांत दोन्ही लागतात. कळ मात्र जन्मभर रोमनच राहते.

यात आणखी एक भर पडली. कीवन भारतात विक्रीस आला त्याच ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठीचा समावेश केला. ज्यांना कळा आणि काच दोन्ही नकोशा होत्या, ते फोन तोंडाशी धरून बोलू लागले. बाजार समितीच्या आवारात आज हे दृश्य नवलाचे राहिलेले नाही.

आज घ्यावा काय?

नवा मिळणार नाही. टीसीएलने ३१ ऑगस्ट २०२० पासून ब्लॅकबेरीच्या नावाने फोन विकणे थांबवले. अमेरिकेतील ऑनवर्डमोबिलिटी या कंपनीने त्याच महिन्यात कळांच्या नव्या फाइव्ह-जी ब्लॅकबेरीची घोषणा केली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये फोन न काढताच तिने गाशा गुंडाळला. ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरीचे सर्व फोन बंद पडले, असा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. त्या दिवशी कंपनीच्या स्वतःच्या जुन्या प्रणालीवरील फोनांच्या सेवा थांबल्या. कीवन व की-टू अँड्रॉइडवर चालणारे असल्याने ते त्यात आले नाहीत.

हौसेने जुना फोन घ्यावयाचा असल्यास पडद्याची वरची कड नखाने हलकेच तपासावी, स्पेसच्या कळेवर बोटाचा ठसा ओळखला जातो का ते पाहावे आणि प्रत्येक कळ एकेकदा दाबून घ्यावी. सुरक्षाविषयक सुधारणा आता येत नाहीत, तेव्हा बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. नव्यातच हवा असेल, तर युनिहर्ट्झ या चिनी कंपनीचे ‘टायटन’ मालिकेतील फोन आहेत. त्यांतला ‘टायटन २’ २०२५ मध्ये आला. आयफोनच्या खाली कळफलक जोडणारे ‘क्लिक्स’ नावाचे कव्हर २०२४ पासून मिळते. दोन्हींवरील अक्षरे रोमन आहेत.