माळरानावरचे घर

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाणारा लोहमार्ग ज्या मुलखातून जातो, तेथे दृष्टीला अडविणारे फारसे काही नाही. काळी जमीन, कपाशीची शेते, तुरळक बाभळी आणि क्षितिजावर टेकलेले आकाश. अशा सपाटीवर घर कसे शोभावे व कसे निभावे, हा प्रश्न केवळ वऱ्हाडचा नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात विसाव्या शतकाच्या आरंभी काही तरुण वास्तुविशारदांनी तोच प्रश्न हाती घेतला. आणि त्यांपैकी एकाचा देह अखेर भारताच्या मातीत विसावला.

तिकडील विस्तीर्ण गवताळ मैदानास प्रेअरी म्हणतात. तेथील गावांत त्या काळी उंच, उभट, शिखरे-मनोरे मिरविणारी घरे बांधण्याची चाल होती. आत पाहावे तो लहान लहान खोल्या पेटीत पेट्या ठेवाव्या तशा. फ्रँक लॉईड राइट याने १९०१ साली एका महिला-मासिकात प्रेअरीवरील गावासाठी घराचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. जमीन आडवी, तर घराच्या रेषाही आडव्या असाव्यात, हे त्याचे सूत्र. त्याच वर्षी वॉल्टर बर्ली ग्रिफिन हा तरुण पदवीधर त्याच्या कचेरीत दाखल झाला.

राइटकडे काम करीत असतानाच ग्रिफिनने १९०३ मध्ये शिकागोजवळील एल्महर्स्ट येथे विल्यम एमरी यांच्यासाठी स्वतंत्रपणे एक घर रचिले. या शैलीच्या आरंभीच्या घरांत त्याची गणना होते. कोपऱ्यांवर भक्कम खांब, त्यांवर दोपाखी छप्पर आणि भिंतीबाहेर बरीच पुढे आलेली वळचण. आतील मजले एका पातळीवर न ठेवता अर्ध्या अर्ध्या उंचीने चढविले असल्यामुळे दालने एकमेकांपासून तुटत नाहीत. वळचण ही नुसती शोभा नव्हे. उन्हाळ्यातील उंच सूर्य ती अडविते, हिवाळ्यातील खाली झुकलेल्या सूर्याला मात्र खिडकीतून आत येऊ देते. पावसाचे पाणीही भिंतीपासून दूर पडते.

१९११ साली ग्रिफिनचा विवाह मॅरियन माहोनी हिच्याशी झाला. तीही राइटच्या कचेरीतील कुशल वास्तुविशारद होती. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीच्या स्पर्धेत ग्रिफिनचा आराखडा पहिला ठरला. त्यासाठी मॅरियनने काढलेली चित्रे विख्यात आहेत. १९३५ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामानिमित्त ग्रिफिन भारतात आला. ‘पायोनियर’ वृत्तपत्राच्या छापखान्याचा आराखडाही त्याने केला. परंतु ११ फेब्रुवारी १९३७ रोजी तेथेच त्याचे निधन झाले.

आता वऱ्हाडकडे पाहावे. येथील जुन्या धाब्याच्या घराने हाच प्रश्न आपल्या रीतीने सोडविला होता. जाड मातीच्या भिंती, लाकडी कड्यांवर मातीचा थर, पुढे ओसरी. पाऊस कोकणासारखा धो-धो नाही, म्हणून सपाट छत चाले. ऊन मात्र भाजून काढणारे, म्हणून भिंत जाड. प्रेअरीवरच्या कित्येक घरांचे हृदय म्हणजे मधोमध पेटणारे अग्निस्थान. येथे ते मान ओसरीच्या सावलीला मिळाले. दोन्हींचे रूप भिन्न, विचार एकच.

आज गावोगाव सिमेंटची उघडी छते चढत आहेत. त्यांवर ना मातीचे आवरण, ना भिंतींना पुरेशी वळचण. दिवसभर शोषलेली उष्णता ती रात्री घरातच सोडतात, आणि वैशाखात निजलेल्यांना आतून पुन्हा अंगणात यावे लागते. सिमेंट हा येथे अपराधी नव्हे. अपराध सावलीचा हिशेब विसरण्याचा आहे. एल्महर्स्टच्या घराचे छप्पर उचलून बडनेऱ्यास आणल्याने काही साधणार नाही. नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी आपल्या जमिनीचे, आपल्या वाऱ्याचे व आपल्या सूर्याचे मागणे काय, एवढे विचारण्याची त्या वास्तुविशारदाची सवय मात्र घेण्याजोगी आहे. तिला एक पैसाही जास्तीचा लागत नाही.