नल-दमयंती सागराच्या काठी

धरणाच्या इतिहासात ते पूर्ण झाल्याचे वर्ष हमखास नोंदवले जाते. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर बांधलेल्या अप्पर वर्धा धरणापुढे १९९३ अशी नोंद आहे. त्याच्या जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर. विदर्भकन्या दमयंती आणि राज्य गमावून वनवासी झालेला नल! कथेतल्या नलाला राज्य परत मिळाले. येथील धरणग्रस्त मात्र मोबदला आणि नोकऱ्या मागत ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत मंत्रालयातील सुरक्षा जाळीवर उतरले. बुडालेली शिवारे आणि नदीकाठची झाडे तर कोणत्याच मोबदल्याने परत येत नाहीत. अमरावतीत आम्ही याच धरणाचे पाणी पितो. म्हणूनच १९९३ पुढे ‘पूर्ण’ हा शब्द लिहिताना आमची लेखणी अडखळते. तीस वर्षांनंतरही ज्यांचा हिशेब बाकी राहिला, त्यांच्या लेखी ते धरण अपूर्णच आहे.